थंडीच्या रात्री धावताना

भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल तर तवा उतरवू नका, काम चालू द्या. आज बोलायचंय ते धावण्याबद्दल, आणि तेही रात्रीच्या थंडीत लांब धावण्याबद्दल.

मागच्या पौषात आमच्या ग्रामसंघातल्या अकराजणी २१ किलोमीटरची रात्रीची शर्यत धावायला गेलो होतो. गावापासून दोन तासांवर. रात्री ११ ला सुरू, पहाटे ३ च्या आत संपवायची. निम्मं अंतर धावलो, निम्मं भराभर चाललो. नऊजणी शेवटपर्यंत पोचलो. आमच्या एक काकू चौदाव्या किलोमीटरला थांबल्या आणि एकजण त्यांच्याजवळ थांबली. परत आल्यापासून गटागटांतून दोन प्रश्न येतात. एक मोठ्या आवाजात, की पुढच्या वर्षी आम्हालाही यायचंय, काय तयारी करायची? दुसरा जरा बाजूला घेऊन, की काकूंना नक्की झालं काय होतं? खरं सांगायचं तर पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर दुसऱ्यातच आहे.

आधी रात्रीचं बोलू. आम्ही जाणार म्हटल्यावर घरोघरी पहिलं वाक्य एकच निघालं: रात्रीचं कुठं? मैत्रिणींनो, शेतीपंपाची लाईट रात्रीची आली की गव्हाला, कांद्याला पाणी द्यायला कोण जातं? एक वाजता, कडाक्याच्या थंडीत, गार चिखलात पाय घालून बारी मोडायला आपण जातो, तेव्हा कोणी विचारत नाही. ऊसतोडीच्या बाया पहाटे तीनला फडात असतात. म्हणजे रात्र आणि थंडी आपल्याला नवी नाही. नवं आहे ते एवढंच, की या रात्री डोक्यावर ओझं नव्हतं आणि हातात खोरं नव्हतं. आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंनीच हे मुलाला ऐकवलं आणि विषय संपला.

बाईच्या जातीला लांब धावणं झेपत नाही, हे मोठमोठ्या लोकांनीही म्हणून झालंय. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांना ८०० मीटर धावू दिलं. शर्यतीनंतर काहीजणी थकून बसल्या, त्याचा एवढा गवगवा झाला की पुढे १९६० पर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांना २०० मीटरच्या वर धावायला मिळालं नाही. ४२ किलोमीटरची मॅरेथॉन बायकांसाठी आली ती थेट १९८४ साली. आज आपल्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बारामतीच्या लता करे साठी ओलांडल्यावर, नवऱ्याच्या तपासण्यांच्या खर्चासाठी, नऊवारीत आणि अनवाणी धावून पहिल्या आल्या. तेव्हा झेपतं का हा प्रश्न आता बाजूला ठेवू. कसं झेपवायचं ते बघू.

माठ का गार होतो, सांगा बरं? पाणी बारीक छिद्रांतून बाहेर झिरपतं, वाऱ्याने उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. आपलं अंग धावताना नेमकं तसंच वागतं. पायांचे मोठे स्नायू चालू झाले की अंगात चूल पेटल्यासारखी उष्णता होते. ती बाहेर टाकायला घाम येतो. बाहेर आठ-दहा अंश थंडी असली तरी येतो, आणि आपल्याला वाटतं, वा, थंडी पळाली. धावतोय तोवर खरंच पळालेली असते. मग पाय दुखतो, आपण थांबतो. चूल विझते. पण माठ ओलाच राहतो. अंगावरचं ओलं कापड आणि वरून वारा, दोघं मिळून उष्णता ओढत राहतात आणि आत नवी तयार होत नाही. म्हणून थंडीच्या शर्यतीत धोका धावणारीला कमी आणि थांबलेलीला जास्त. हे एक वाक्य आम्हाला आधी कोणी सांगितलं असतं तर काकूंची ती रात्र टळली असती.

झालं असं. काकूंच्या टाचेला फोड आला. बूट नवे होते, शर्यतीच्या चारच दिवस आधी घेतलेले. त्या म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे, मी इथे बसते, मागून गाडी येईल त्यात येते. धाकटी एकजण जबरदस्तीने त्यांच्याजवळ थांबली, ते देवासारखं झालं. दोघी बंद टपरीच्या बाकड्यावर बसल्या. अंगात सुती ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस, तोही सुतीच, घामाने चिंब. शाली, स्वेटर, कानटोप्या सगळं आमच्या गाडीत होतं, आणि गाडी होती शर्यत संपते तिथे. ही व्यवस्था दुसऱ्या कुणाची नाही, आमचीच. धावताना ओझं नको म्हणून आम्हीच ठरवलं होतं.

पहिली दहा मिनिटं काकू गप्पा मारत होत्या. मग कुडकुडायला लागल्या. मग दात वाजायला लागले. धाकटीने बिस्किटाचा पुडा दिला, तो त्यांना फोडता येईना. बोटं वळेनात. मग बोलणं जड झालं. थांबलेल्या एका मोटारसायकलवाल्याने, बाई प्यायलीय का, असं विचारलं. धाकटी सांगते, मला त्याचा राग आला, पण खरं म्हणजे त्या तशाच दिसत होत्या. आणि अर्ध्या तासाने त्यांचं कुडकुडणं थांबलं. धाकटीला वाटलं, बरं झालं, थंडी उतरली.

मैत्रिणींनो, इथे कान द्या. कुडकुडणं म्हणजे अंगाने स्वतःला गरम ठेवायला केलेली धडपड. थंडी तशीच असताना, अंग ओलंच असताना ते थांबलं, तर ते बरं लक्षण नाही, अंग हरत आल्याची खूण आहे. आपलं आतलं तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्या घरातल्या हिशेबाने ९८.६. ते ३५ च्या, म्हणजे ९५ च्या खाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. घरातला साधा थर्मामीटर इतकं खाली नीट दाखवतही नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर राहायचं नाही. लक्षणंच ओळखायची: आधी कुडकुडणं, मग बोटं न वळणं, मग बोलणं जड होणं, झोकांडी जाणं, चिडणं किंवा उगाच सुस्त होणं, मला काही झालं नाही म्हणत बसणं. जिला झालंय तिला स्वतःला कळत नाही. म्हणून शेजारचीने ओळखायचं असतं.

काकूंच्या नशिबाने मागून पाणीवाटपाची गाडी आली. तिच्यात एक निवृत्त नर्सबाई होत्या. त्यांनी जे जे केलं ते आम्ही नंतर नीट विचारून घेतलं. आधी काकूंना वाऱ्याच्या आड, गाडीत घेतलं. गाडीतल्या पुरुषांना खाली उतरवलं आणि ओले कपडे सगळे काढले, आतलेसुद्धा. लाजायची वेळ नव्हती. अंग कोरडं पुसलं आणि रग गुंडाळला, डोकं-मान झाकून. त्याच रगात धाकटीला आपला ओला कुडता काढायला लावून काकूंना चिकटून बसवलं, कारण माणसाच्या अंगाची ऊब सगळ्यात सोपी. काकू शुद्धीवर आहेत, गिळता येतंय, हे बघून मग कोमट गोड चहा घोट घोट दिला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. आणि १०८ ला फोन केला.

आपण घरी जे करतो त्यातलं काय त्यांनी केलं नाही, तेही सांगतो. हातपाय चोळले नाहीत. शेकोटीजवळ नेऊन हात-पाय आधी शेकले नाहीत. ऊब छातीला, पोटाला, मानेला आधी द्यायची असते. गार पडलेली कातडी बधिर असते, भाजलेलं कळत नाही. दारू, ब्रँडी तर नाहीच. दारूने कातडीला गरम वाटतं आणि आतली उष्णता उलट बाहेर जाते. आणि बंद गाडीत किंवा बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवायची नाही. तिच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

काकू सकाळी दवाखान्यातून चालत बाहेर आल्या. पहिलं वाक्य काय, तर आमचं मेडल कुठाय?

हे आपल्यासारख्या नवख्या बायकांनाच होतं असं समजू नका. चीनमध्ये गान्सू प्रांतात २२ मे २०२१ ला डोंगरातली १०० किलोमीटरची शर्यत होती. १७२ जण धावत होते, त्यात देशातले नावाजलेले धावपटू. सकाळी बरं हवामान होतं, म्हणून बरेचजण अर्ध्या चड्डीत, पातळ टी-शर्टवर निघाले. दुपारी डोंगराच्या उंच भागात सोसाट्याचा वारा, गारा आणि बर्फासारखा पाऊस आला. जाड जॅकेट बरोबर ठेवायची सक्ती नव्हती, आणि काहींनी आपले गरम कपडे पुढच्या थांब्यावर पाठवून दिलेले होते. शोध रात्रभर चालला. २१ जण गेले. बळकट, तरणीताठी माणसं. आणि सहाजणांना कोणी वाचवलं? एका मेंढपाळाने. तो त्या डोंगरात मेंढरं राखत होता आणि पावसापासून आडोशाला त्याच्या नेहमीच्या गुहेत थांबला होता. तिथे त्याने लाकडं, कपडे, पांघरुणं ठेवलेली होती. एकेकाला त्याने आत आणलं, जाळ केला, पांघरायला दिलं. आम्ही हे बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा आमच्यातल्या धनगराच्या आजी म्हणाल्या, ठेवणारच की, रानात जाणारा माणूस घोंगडं घरी ठेवून जातो व्हय? आम्ही अकराजणी मात्र ठेवून गेलो होतो.

तर आता कपडे. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. उन्हाळ्यात तेच सुख, थंडीत तोच घात. अंगाला लागून पोलिस्टरचा टी-शर्ट घाला, पोरांचे कबड्डीचे जुने टी-शर्ट असतात ना, तसला. घाम त्यातून लवकर बाहेर जातो. त्यावर लोकरीचा पातळ स्वेटर, कारण लोकर ओली झाली तरी बरीच ऊब धरून ठेवते. घोंगड्याचं मोल इथेच आहे. सगळ्यात वर वारा अडवणारं काहीतरी पातळ, साधा विंडचीटरही चालतो. सुरुवातीला थोडी थंडी वाजली पाहिजे. उभ्या उभ्या उबदार वाटत असेल तर दोन किलोमीटरवर तुम्ही घामाने भिजणार. कानटोपी हवी, हातमोजे नसतील तर पायमोजे हातात चढवा, आम्ही तेच केलं. नाका-तोंडावर मफलर, म्हणजे गार हवा एकदम छातीत जात नाही. जिला दम्याचा त्रास आहे तिने डॉक्टरला विचारल्याशिवाय थंडीत पळूच नये. आणि बूट निदान महिनाभर वापरलेले.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कमरेला किंवा पाठीला एक कोरडा कपडा आणि पातळ शाल, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. जड होत नाही. थांबलं की आधी ओलं काढायचं, कोरडं घालायचं, मग बाकीचं.

खाण्याचं फार सांगत नाही. रात्री ११ ची शर्यत असेल तर सात-साडेसातला भात-वरण किंवा गूळ-पोळी, बस्स. आमच्यातल्या एकीने भोगीची लेकुरवाळी भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी मनसोक्त खाल्ली आणि तीनदा शेतात पळावं लागलं. तिळगूळ, चिक्की, खजूर खिशात ठेवा, अर्ध्या-पाऊण तासाने थोडं थोडं खा. पोटात काही नसेल तर चुलीत लाकूड नाही.

पाण्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं. थंडीत तहान लागत नाही, पण अंगातलं पाणी जातच असतं, घामातून आणि श्वासातून. तोंडातून वाफ निघते ती काय असते? वर थंडीत लघवीला जास्त होतं, कारण कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आत सरकतं आणि मूत्रपिंडं पाणी बाहेर काढतात. आणि आपण बायका काय करतो? वाटेत जायला जागा नाही म्हणून दुपारपासून पाणीच पीत नाही. लग्नाला जाताना करतो तेच. यामुळे पेटके येतात, चक्कर येते, पुढे लघवीची जळजळ होते ती वेगळी. आम्ही आठ दिवस आधी फोन करून विचारलं होतं, वाटेत बायकांसाठी संडासाची सोय कुठे कुठे आहे? पलीकडचा माणूस गडबडला, पण दुसऱ्या दिवशी त्याने तीन ठिकाणं सांगितली. विचारायला लाजू नका. पाळी असेल तर पॅड बदलायची जागाही त्यातच हेरून ठेवा. पाणी घोट घोट प्या, नुसतं साधं पाणी भसाभस लिटरवारी पिणंही वाईट, रक्तातलं मीठ पातळ होतं. एक लिटर उकळून कोमट केलेलं पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. जुलाबात पोरांना देतो तेच. चमचा चहाचा, मीठ बरोबर मोजून.

रस्त्याचं आमच्या भागातलं सांगायचं तर जानेवारी म्हणजे कारखान्यांचा हंगाम. उसाचे ट्रॅक्टर रात्रभर चालतात, दोन-दोन ट्रॉल्या, आणि मागे दिवा असेलच असं नाही. शर्यतीच्या दिवशी रस्ता अडवलेला असतो, पण सरावाच्या दिवशी नसतो. म्हणून सरावाला उजव्या बाजूने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं धावायचं, डोक्याला बांधायची बॅटरी, पाठीवर चमकणारी पट्टी, आणि कधीही एकटीने नाही. आम्ही सराव पौर्णिमेच्या आगेमागे रात्री ठेवला, चांदण्यात खड्डे दिसतात. एरवी संध्याकाळी, शाळेच्या मैदानावर. पोलीस भरतीच्या मुली पहाटे पाचला पळतात, त्यांनाही हे कपड्यांचं सांगा. सगळ्यात जास्त थंडी सूर्य उगवायच्या जरा आधीच असते, आणि पळून झाल्यावर त्या पोरी घामाघूम कट्ट्यावर गप्पा मारत बसतात.

आणि धावायला लागायच्या आधी उपकेंद्रात जाऊन रक्त तपासून या. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत ५४ टक्के निघाल्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे कमी. आमच्या पहिल्या यादीत सतराजणी होत्या. तपासणीनंतर सहाजणींना आम्ही थांबवलं, गोळ्या सुरू केल्या. दोघी रुसल्या, एकीचं हिमोग्लोबिन आठ होतं आणि ती रोज दोन हंडे डोक्यावर घेऊन विहिरीवरून येत होती. धावण्याच्या निमित्ताने ते कळलं तरी. ती आता साडेदहावर आहे, यंदा तिचं नाव परत यादीत आहे.

सर्वांत अवघड काय गेलं म्हणाल तर ना थंडी, ना अंतर. शर्यतीच्या दिवशी दुपारी दोन तास झोपायचं ठरलं होतं, कारण रात्रभर जागायचं. अकरातल्या आठजणींना ती झोप मिळाली नाही. कुणाकडे पाहुणे, कुणाची म्हैस, कुणाला दुपारी झोपलेलं सासरी चालत नाही. यंदा आम्ही ठरवलंय, त्या दुपारी सगळ्यांनी समाजमंदिरात यायचं, बाहेरून कडी, आणि किल्ली अध्यक्षताईंकडे.

मागच्या महिन्याच्या बैठकीत पुढच्या शर्यतीचा खर्च मांडला. प्रवेश फी, गाडीभाडं, चार बॅटऱ्या. मग काकू उठल्या आणि म्हणाल्या, तीन घोंगडी लिहा. वाटेत दर सात किलोमीटरवर आपलं एक माणूस, त्याच्याजवळ एक घोंगडं आणि चहाचा थर्मास. त्यावर अर्धा तास वाद झाला, की घोंगडी हा खर्च धरायचा की गटाची मालमत्ता, कारण मालमत्ता धरली तर ती कुणाच्या घरी राहणार हेही लिहावं लागतं. शेवटी मालमत्ता म्हणून नोंद झाली. घोंगडी काकूंच्या घरी राहणार आहेत. आपल्याकडच्या सणगरांकडे सांगून ठेवलंय, दिवाळीपर्यंत विणून मिळतील.